लिनक्सवर जुन्या वळणाचा डेस्कटॉप की नव्या? आईसाठी आणि सोसायटीच्या खोलीसाठी

पावशा

नमस्कार मंडळी, जरा लांबण लावतेय, पण दोन ओळींत विचारलं तर "मिंट (लिनक्सची एक तयार आवृत्ती) टाका" एवढंच उत्तर येईल म्हणून पहिल्यापासून सांगते.

आई ७३ वर्षांची आहे. शाळेत मराठी शिकवायची. निवृत्त झाली त्या वर्षी, म्हणजे २०१० साली, मी तिला उबंटू १०.०४ टाकून दिलं होतं. वर एक पट्टी, त्यात ॲप्लिकेशन्स, प्लेसेस, सिस्टिम अशी तीन नावं, खाली दुसरी पट्टी आणि तिच्यात उघडलेल्या खिडक्यांची नावं. हे सगळं ती वहीत चित्रं काढून शिकली, ती वही अजून की-बोर्डखाली असते. मधे उबंटूचा चेहरा बदलला तेव्हा मी उबंटू मेट (मेट म्हणजे तोच जुना चेहरा राखणारा डेस्कटॉप) टाकलं आणि तिला सांगितलंच नाही, तिलाही काही वेगळं वाटलं नाही. आज कोथरूडमधल्या आमच्या ज्येष्ठ नागरिक संघाचं इतिवृत्त, सहलीच्या याद्या, वर्षाचा छोटा अंक, सगळं तीच टाइप करते.

यंदा पावसाळ्यात लाइटच्या ये-जा मध्ये तो जुना पीसी गेला. मग वापरलेला छोटा पीसी घेतला, ८ जीबी रॅम, एसएसडी, आणि मी हौसेने त्यावर उबंटू २४.०४ जसं येतं तसंच टाकलं, नव्या वळणाच्या ग्नोम डेस्कटॉपवालं. मला स्वतःला ते आवडतं. पण आई गप्प झाली. तक्रार करत नाही, ती कधीच करत नाही, फक्त दोन दिवसांत होणारं इतिवृत्त दहा दिवस झाले तरी होईना, म्हणून एका संध्याकाळी मी शेजारी खुर्ची टाकून बसले.

तिला नवं इतिवृत्त लिहिताना मागच्या महिन्याचं उघडं ठेवायचं असतं, ठराव कुठपर्यंत आले ते बघायला. तर दुसऱ्या फाइलवर जायचं म्हणून तिचा हात माऊस घेऊन थेट खाली गेला, जिथे १५ वर्षं खिडक्यांची नावं होती. खाली काहीच नाही. माऊस तिथे तसाच थांबला, हात पण थांबला, आणि तिने चष्मा वर केला. डावीकडच्या डॉकमध्ये (चित्रांच्या पट्टीत) लिब्रेऑफिस रायटरचं एकच चित्र आणि त्याच्या कडेला दोन ठिपके. दोन ठिपके म्हणजे दोन फाइली हे मला माहीत, तिला कसं कळावं. तिला "ऑगस्ट इतिवृत्त" ही अक्षरं वाचायची असतात. ती अक्षरंच पडद्यावरून गेली आहेत हे मला तोवर लक्षातच आलं नव्हतं.

दुसरी गोष्ट, सोसायटीतल्या एकांच्या ऑफिसने पाच पीसी काढून टाकले, विंडोज १०चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप नसल्यामुळे ११ चालत नाही म्हणून. ते क्लबहाऊसच्या खोलीत लावायचे आहेत, ज्येष्ठांसाठी आणि स्पर्धा परीक्षा देणाऱ्या मुलांसाठी. तिथे मेट, सिनॅमन, एक्सएफसीई (हे तिन्ही जुन्या वळणाचे डेस्कटॉप), की सरळ ग्नोम? जे लावेन ते चार-पाच वर्षं मीच सांभाळणार आहे. वापरलेल्यांनी कृपया आपला अनुभव सांगा.

तपकीर_गल्ली

ताई, आधी मशीनचं बोलू. जुने पीसी दुरुस्त करणं हाच माझा धंदा, रोज चार-पाच येतात. त्या पाचांत रॅम किती आणि डिस्क कुठली? हार्डडिस्क असेल तर कुठलाही डेस्कटॉप टाका, रडतच चालणार. आधी छोटी एसएसडी घाला. रॅम ४ जीबी असेल तर ८ करा, जुनी डीडीआर३ वापरलेली मिळते अजून. मिंटवाले स्वतः कमीत कमी २ आणि आरामात चालायला ४ जीबी सांगतात, पण ते डेस्कटॉपपुरतं झालं, क्रोममध्ये सहा टॅब उघडल्या की डेस्कटॉप हलका होता की जड होता याला काही अर्थ राहत नाही.

३२ बिटवालं एखादं निघालं तर बाजूला ठेवा. ऑगस्ट २०२५मध्ये डेबियन १३ आलं त्याने ३२ बिटचा इन्स्टॉलर बंद केला, उबंटू-मिंटने त्याच्याही आधी केला होता.

आणि एक काम करा, एकाच पेनड्राइव्हवर व्हेंटॉय (एका पेनड्राइव्हवरून अनेक सिस्टिम सुरू करणारं साधन) टाका आणि चार आयएसओ (इन्स्टॉलच्या फाइली) त्यात नुसते कॉपी करा. आईंना चारही लाइव्ह, म्हणजे पेनड्राइव्हवरूनच चालवून, दाखवा, इन्स्टॉल नंतर.

टर्मिनल_हिंजवडी

मी दुसरी बाजू मांडतो, रागावू नका. मी दिवसभर ग्नोमवर काम करतो, ८-९ वर्षं झाली. सुपर (विंडोजचं बटण) दाबलं की सगळ्या खिडक्या पसरून दिसतात, त्यात नाव टाइप केलं की ॲप उघडतं, फाइल सापडते, वर्कस्पेस (खिडक्या मांडायचे वेगवेगळे पडदे) लागतील तसे आपोआप वाढतात. माऊसला हात लावावा लागत नाही. मेन्यू, त्यात सबमेन्यू, त्यात ॲक्सेसरीज, त्यात कॅल्क्युलेटर, हा प्रवास मला आता करवत नाही.

ग्नोम ३ एप्रिल २०११मध्ये आलं ते उगाच आलं नव्हतं. ग्नोम २ जून २००२चं, त्याच्या खालचे तुकडे, बोनोबो, जीकॉन्फ, जीटीके २, सगळे थकलेले होते, ग्राफिक्स कार्डाचा उपयोग खिडक्या काढायला होत नव्हता, लॅपटॉपचे पडदे रुंद आणि बुटके झाले होते आणि वर-खाली दोन पट्ट्या जागा खात होत्या. कुणीतरी पाटी कोरी करून विचार करायला हवा होता, तो त्यांनी केला. आणि ते पुढे सुधारत राहिले, मार्च २०२१च्या ग्नोम ४०मध्ये वर्कस्पेस आडवे केले तेव्हापासून टचपॅडवर तीन बोटांनी सरकवायला इतकं सहज वाटतं की बास.

आईंना अजून दोन आठवडे देऊन बघा. ७३ म्हणजे काही शिकण्याचं वय संपत नाही.

पावशा

रागावायचं काय त्यात, तुमचं कौतुकच वाटलं, आणि मी पण सुपर दाबूनच काम करते.

पण "शिकणं" हा शब्द इथे मला बरोबर वाटत नाही. आई शिकू शकते. तिने ६० नंतर इनस्क्रिप्ट हा मराठी की-बोर्ड शिकलं, गेल्या वर्षी मोबाइलवर मीटिंग घ्यायला शिकली. प्रश्न असा आहे की हे शिकून तिला मिळणार काय? तुम्हाला दिवसातून दोनशे वेळा खिडकी बदलावी लागते, तुमचे श्रम वाचतात. ती दोन फाइली आणि एक ब्राउझर उघडते. तिच्या हातात जे आधीच होतं ते काढून घ्यायचं आणि त्याच जागी परत तेवढंच मिळवायला दोन आठवडे झटायला लावायचं, तेही इतिवृत्त अडलेलं असताना, हे मला पटत नाही. तिला काही नवीन जमायला लागलं तर मी आनंदाने शिकवीन.

केडीई_पासून

हा वाद नव्याने होतोय असं समजू नका कुणी. मी केडीई या डेस्कटॉपच्या ३.५वर सुखी होतो. जानेवारी २००८मध्ये ४.० आलं, करणाऱ्यांनी सांगितलं होतं की ही आवृत्ती पाया दाखवण्यासाठी आहे, रोजच्या वापराला थांबा, पण डिस्ट्रोंनी (उबंटूसारख्या लिनक्सच्या तयार आवृत्त्या काढणाऱ्यांनी) ती लोकांच्या हातात दिली आणि पुढची दोन वर्षं सगळीकडे तेच रडगाणं. ज्यांना जुनंच हवं होतं त्यांनी ३.५चा धागा धरून ट्रिनिटी काढलं, ते आजही जिवंत आहे.

मग २०११. एकाच महिन्यात ग्नोम ३ आणि उबंटू ११.०४मधलं युनिटी. दोन्हीकडून ओळखीची पट्टी गेली. अर्जेंटिनातल्या एका आर्च लिनक्स वापरणाऱ्याने ग्नोम २चा कोड उचलून मेट सुरू केलं (तिकडच्या येर्बा माते या पेयावरून नाव, म्हणजे खरा उच्चार माते), मिंटने आपल्या परीने सिनॅमन काढलं. खुद्द लिनक्सचा जनक लिनस टोरवाल्ड्सने ग्नोम ३वर जाहीर नाराजी व्यक्त केली, एक्सएफसीईवर गेला, आणि पुढे दोन वर्षांत परत ग्नोमवर आला. युनिटीचं तर असं झालं की लोकांना त्याची सवय लागली, आवडायला लागलं, आणि एप्रिल २०१७मध्ये ते बंद करायची घोषणा झाली, १७.१०पासून उबंटू परत ग्नोमवर. माझ्या ऑफिसमधले दोघं जण त्या वर्षी खरोखर हळहळले होते, सहा वर्षांपूर्वी युनिटी आलं तेव्हा सर्वांत जास्त आरडाओरडा त्यांचाच होता.

म्हणून माझं मत, पावशाताई, तुम्हाला हवं ते वळण ज्या डेस्कटॉपमध्ये सेटिंग म्हणून मिळतं तो घ्या. केडीईचं आताचं प्लाझ्मा बघा. ६ नंबर २८ फेब्रुवारी २०२४ला आला, आता छान बसलाय. पट्टीवर मुळात नुसती चित्रं येतात, पण त्यावर राइट क्लिक करून पर्याय दाखवा म्हटलं की नावांची पट्टी मिळते. दोन पट्ट्या हव्या तर दोन.

साधासरळ_निगडी

एक्सएफसीई. बारा वर्षं. पट्टी जिथे होती तिथेच आहे. १९९६पासून चालू आहे हे सॉफ्टवेअर आणि नवीन आवृत्ती आली की मला शोधावं लागतं काय बदललं. बाकी तुमचं चालू द्या.

अक्षरजुळणी

सगळे खिडक्यांवर बोलताय, मला मराठी टायपिंगचं बोलायचंय कारण काकूंचं खरं काम तेच आहे.

ग्नोममध्ये ही गोष्ट खरंच चांगली बसवलेली आहे. सेटिंग्ज, की-बोर्ड, इनपुट सोर्स, तिथे मराठी जोडा, सुपर-स्पेसने भाषा बदला, वर कोपऱ्यात कुठली भाषा चालू आहे ते दिसतं. आयबस (भाषांचं टायपिंग सांभाळणारा प्रोग्राम) आतून आधीच जोडलेलं असतं. मेट आणि एक्सएफसीईत हे स्वतः लावावं लागतं, आयबस आणि त्याची एम१७एन ही भाषांची जोड टाकायची, लॉगिनला सुरू होतंय ना बघायचं, नाहीतर एखाद्या दिवशी लिब्रेऑफिसमध्ये मराठी येतं आणि ब्राउझरमध्ये येत नाही असला प्रकार होतो आणि वापरणाऱ्याला वाटतं आपलंच काही चुकलं.

आयबस नको असेल तर साधा एक्सकेबीचा (सिस्टिममध्ये आधीपासून असलेला) देवनागरी लेआउट लावा, इनस्क्रिप्टला तेवढं पुरतं. लावून झाल्यावर या तीन गोष्टी तपासा. एक, शिफ्ट-जे, डी, स्लॅश दाबून "दऱ्या", "वाऱ्या"मधला ऱ्य नीट येतोय का. दोन, शिफ्ट-२ने "बॅट", "कॅमेरा"वरचा चंद्र येतोय का. तीन, शिफ्ट-एनने ळ. या तिन्हीशिवाय मराठीचं एक पानही पुरं होत नाही आणि नेमकं हेच कुणी तपासत नाही. इनस्क्रिप्ट आपल्या सीडॅकमुळे देशभर गेलं, लोहित फॉन्टवर रेड हॅटच्या इथल्या पुण्याच्या ऑफिसातल्या लोकांनी काम केलं, आणि आपणच खिडकीच्या कोपऱ्यावर भांडतोय.

फॉन्टचा आकार पण वाढवा. लॅटिन अक्षराला ११ पुरतो, देवनागरीत त्याच आकारात मात्रा आणि रफार चिकटतात.

पावशा

अक्षरजुळणी, तुमचे खूप आभार, वाऱ्या लगेच करून बघितलं. आलं. आईने लगेच "सुऱ्या, दोऱ्या, नवऱ्या" अशी पूर्ण ओळ टाइप केली.

अभ्यासिका_सदाशिव

आमच्या अभ्यासिकेत चार लिनक्स पीसी आहेत, पोरं फॉर्म भरायला, जुन्या प्रश्नपत्रिका बघायला, हॉलतिकीट प्रिंट करायला वापरतात. गावाकडून आलेली बरीच पोरं अशी असतात की मोबाइल सात-आठ वर्षं हातात आहे पण कॉम्प्युटर नीट कधी मिळालेला नाही. मी आधी मिंटच लावलं होतं, आपल्याला सोपं ते त्यांना सोपं असं समजून.

मग लक्षात आलं की त्यांच्यासाठी खालच्या डाव्या कोपऱ्यातला मेन्यू ही काही ओळखीची गोष्टच नाही. ते मेन्यू शोधत नाहीत, चित्रांची जाळी शोधतात आणि शोधायची चौकट शोधतात. दोन मशीनवर उबंटूचं साधं ग्नोम ठेवून बघितलं, तर पोरं विचारायला कमी यायला लागली. पानभर आयकॉन, बाजूला सरकवलं की पुढचं पान, हे त्यांचं फोनवरचं रोजचं. मोजमाप वगैरे काही केलेलं नाही, टेबलाशी येऊन "सर हे कुठंय" विचारणाऱ्यांवरून सांगतोय.

अडतात कुठे तर फाइल कुठे सेव्ह झाली तिथे. डाउनलोड केलेली पीडीएफ सापडत नाही. ते दोन्हीकडे सारखंच. उबंटूमध्ये निदान डेस्कटॉपवर फाइल ठेवता येते, मूळ ग्नोमने ३.२८पासून, म्हणजे २०१८पासून, डेस्कटॉपवर आयकॉन ठेवणंच काढून टाकलंय, उबंटू ते एक्स्टेंशनने परत देतं.

तेव्हा जुनं सोपं आणि नवं अवघड असं काही नसतं ताई. आईंना जे जुनं ते आमच्या पोरांना नवीनच आहे.

टर्मिनल_हिंजवडी

अभ्यासिकावाल्या दादांनी माझ्यापेक्षा चांगलं मांडलं. आणि पावशाताई, तुमचं "मिळणार काय" हे मी दोनदा वाचलं, बरोबर आहे तुमचं. मग आईंसाठी एक मधला मार्ग, ग्नोमच ठेवा आणि डॅश टू पॅनल नावाचं एक्स्टेंशन टाका. खाली पट्टी येते, खिडक्या वेगळ्या आणि नावासकट दाखवायचं सेटिंग आहे. मराठी टायपिंगची चांगली सोय पण हातची जात नाही.

केडीई_पासून

एक्स्टेंशनवर आईंचं घर बांधू नका. ग्नोमची नवी आवृत्ती दर सहा महिन्यांनी, मार्च आणि सप्टेंबर, आणि प्रत्येक आवृत्तीला एक्स्टेंशन करणाऱ्याने आपलं एक्स्टेंशन जुळवून घ्यावं लागतं. सप्टेंबर २०२३ला ग्नोम ४५ आलं तेव्हा जावास्क्रिप्टचे मॉड्यूल लोड करायची पद्धतच बदलली, झाडून सगळी एक्स्टेंशनं परत लिहावी लागली. करणारा माणूस फुकट, फावल्या वेळात करतो, त्याने करावंच असा हट्ट आपण धरू शकत नाही. अपग्रेडनंतर एका सकाळी पट्टी गायब, आणि ताई ऑफिसात.

टर्मिनल_हिंजवडी

एलटीएसवर (लांब सपोर्टच्या आवृत्तीवर) राहिलं तर आवृत्ती बदलत नाही ना पण. २४.०४ला २०२९पर्यंत सपोर्ट आहे, तोवर पट्टी कुठे जात नाही. दर सहा महिन्यांची धास्ती फेडोरावाल्यांना.

केडीई_पासून

हे मान्य. एलटीएसवर चालेल.

कानाने_वाचतो

मी हा धागा ऐकून लिहितोय. मला जवळजवळ दिसत नाही, ऑर्का (पडदा वाचून दाखवणारा प्रोग्राम) वापरतो, ईस्पीकचा मराठी आवाज लावलेला आहे, ऐकायला यंत्रासारखा आहे पण जोडाक्षरं समजतात.

इथे सगळं पट्टी दिसते की नाही यावर चाललंय. तुमच्या क्लबहाऊसच्या खोलीत ज्येष्ठ येणार म्हणता, म्हणजे कुणाचं मोतीबिंदूचं ऑपरेशन व्हायचं असेल, कुणाचा हात थरथरत असेल, कुणाला काचबिंदू असेल. अशा लोकांना पट्टी वर की खाली याने फार फरक पडत नाही, अक्षर मोठं होतं का आणि कुणाला न विचारता होतं का, याने पडतो. ग्नोममध्ये सुपर-ऑल्ट-एस दाबलं की ऑर्का बोलायला लागतं, अगदी लॉगिनच्या पडद्यावर सुद्धा, पासवर्ड टाकायच्या आधी. सुपर-ऑल्ट-८ने पडदा मोठा होतो. ऑर्का मेट आणि सिनॅमनवर पण चालतं, मी मेटवर पाच वर्षं काढली आहेत आणि माझी तक्रार नाही, पण लॉगिनच्या पडद्यावर आवाज मिळवायला मला दुसऱ्याची मदत घ्यावी लागली होती.

पाचपैकी एका मशीनवर तरी हे सगळं आधीपासून चालू करून ठेवा. आणि की-बोर्डवर एफ आणि जे वर ठिपका आहे ना बघा, जुन्या की-बोर्डचे झिजलेले असतात.

पावशा

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. आमच्या बी विंगमध्ये एक आजोबा आहेत, त्यांची नजर आता फारच कमी झालीये, संघाच्या सूचना त्यांना कुणीतरी वाचून दाखवतं. त्यांना विचारते. एक मशीन त्या पद्धतीचं नक्की. ठिपके आजच बघितले, पाचपैकी दोनांचे झिजलेत.

जुना_प्लगकर

बऱ्याच दिवसांनी लिहितोय. मॉडेल कॉलनीत अतूर सेंटरला सिंबायोसिसच्या पोरांचं जीनूनिफाय हे मुक्त सॉफ्टवेअरचं संमेलन भरायचं तेव्हापासूनचा मी. उबंटूच्या फुकट सीडी पोस्टाने घरी यायच्या, पाचपाच मागवायचो आणि प्लगच्या (पुणे लिनक्स युजर्स ग्रुपच्या) मीटिंगला वाटायचो. त्या सीडी बंद झाल्या एप्रिल २०११मध्ये, ज्या महिन्यात ग्नोम ३ आणि युनिटी आले त्याच महिन्यात, त्यामुळे माझ्यासाठी तो महिना एका काळाचा शेवट होता.

मला एक गोष्ट नीट वेगळी करून सांगायची आहे, कारण या धाग्यात ती दोन-तीनदा एकत्र झाली. जुन्या वळणाचा डेस्कटॉप आणि जुना कोड, या दोन भिन्न गोष्टी. मेट दिसतं २००८सारखं, पण मार्च २०१७च्या १.१८मध्ये ते पूर्णपणे जीटीके ३वर (खिडक्या-बटणं काढायच्या नव्या संचावर) आलं, आतला बोनोबो वगैरे केव्हाच गेला. फाइल मॅनेजर काखा, एडिटर प्लूमा, पीडीएफला अट्रिल, ही सगळी ग्नोमच्या जुन्या प्रोग्रामची नाव बदललेली पुढची पिढी. आणि यात असं काही टिकून राहिलंय जे मुळात गेलं, उदाहरणार्थ एफ३ दाबून एकाच खिडकीत दोन फोल्डर शेजारी. ग्नोमच्या नॉटिलस या फाइल मॅनेजरने ते २०१२ला ३.६मध्ये काढून टाकलं. काखामध्ये आहे, मिंटच्या नेमोमध्ये पण आहे. पेनड्राइव्हवर फाइली टाकायला ज्येष्ठांना याच्याइतकं सोपं काही नाही, डावीकडून उचल, उजवीकडे सोड.

आता अवघड भाग. मेटचा वेग मंदावलाय. १.२६ ऑगस्ट २०२१, १.२८ फेब्रुवारी २०२४. थोडे हात आहेत आणि खालची जमीन सरकतेय. खालची जमीन म्हणजे एक्स, पडद्यावर खिडक्या दाखवणारी यंत्रणा, एमआयटीत १९८४ला सुरू झालेलं, आणि आपण वापरतो ते एक्स११ १९८७चं. त्याची जागा वेलँड घेतंय, २००८पासून काम चालू आहे. सप्टेंबर २०२५च्या ग्नोम ४९ने एक्सचं सेशन मुळातच बंद ठेवलं, उबंटू २५.१०मधूनही ते गेलं. एक्सएफसीईने डिसेंबर २०२४च्या ४.२०मध्ये वेलँडचा प्रयोग सुरू केलाय, सिनॅमनने ६.०पासून, दोन्हीकडे अजून प्रयोगच. याने लगेच काही बिघडत नाही, जुने प्रोग्राम एक्सवेलँड या जोडणीतून चालतात, आणि मिंट २२ हे उबंटू २४.०४वर उभं आहे, २०२९पर्यंत त्याला अपडेट आहेत, तोवर एक्स सुखाने चालेल.

म्हणून तुम्ही जे चार-पाच वर्षं म्हणालात त्या हिशोबाने मी सिनॅमन सांगेन. वळण जुनं, मागे मिंटची टीम आहे जी हा डेस्कटॉप स्वतःसाठीच करते. फक्त एक अट, आणि ती तुमच्या आईंच्या बाबतीत महत्त्वाची, सिनॅमनच्या पट्टीवर आता मुळात गटवारी चित्रं येतात, नावं नाहीत. म्हणजे तुम्ही पट्टी परत दिलीत तरी "ऑगस्ट इतिवृत्त" दिसणार नाहीच. पट्टीवर राइट क्लिक, ॲपलेट्स, तिथे ग्रुप्ड विंडो लिस्ट काढा आणि साधी विंडो लिस्ट लावा. हे नाही केलंत तर आठवड्याने परत इथेच याल.

तपकीर_गल्ली

प्लगकर काकांचं शेवटचं सोन्यासारखं. माझ्याकडे गिऱ्हाईक येतं, म्हणतं लिनक्स टाका, मी मिंट टाकून देतो, चार दिवसांनी फोन, "माझी एक्सेलची दुसरी शीट कुठे गेली". कुठेच गेलेली नसते, एकाच चित्राखाली बसलेली असते. आता आधीच साधी विंडो लिस्ट लावूनच देतो. फोन बंद झाले.

अक्षरजुळणी

सिनॅमन घेणार असाल तर लेआउट बदलायचं बटण सुपर-स्पेसच ठेवा, म्हणजे क्लबहाऊसच्या ग्नोमवर आणि घरी आईंना एकच बटण. दोन ठिकाणी दोन बटणं असली की माणूस टायपिंग करताना सारखा अडखळतो, पट्टी हलल्यापेक्षा याचा त्रास जास्त.

पावशा

तीन रविवार गेले, आता सांगते काय झालं.

व्हेंटॉयवर चार आयएसओ घेतले, आईसमोर एकेक लाइव्ह लावलं आणि मी काही बोलायचं नाही असं ठरवलं. काम एकच दिलं, दोन इतिवृत्तं उघड, एकातला ठराव दुसऱ्यात आण, आणि माझ्या पेनड्राइव्हवर टाक. फक्त हात बघत राहिले. मेटवर हात कुठेच थांबला नाही. एक्सएफसीईवर मेन्यू एकदा चुकला. प्लाझ्मावर तिने पट्टीचा एक तुकडा चुकून उचलला आणि घाबरून माऊस सोडला, खरं तर तिथे पट्टी कुलूपबंद करायला हवी होती, ती माझी चूक. सिनॅमनवर आधी परत तोच खाली जाऊन थांबणारा हात, मग मी प्लगकर काकांनी सांगितलेली साधी विंडो लिस्ट लावली, आणि ती म्हणाली, "हां, हे आपलं."

घरी सिनॅमन ठेवलं. पट्टी खाली, विंडो लिस्ट नावासकट, फॉन्ट १४, एफ३चं तिला दाखवलं. वहीत तिने त्या पानावर दोन चौकोन शेजारीशेजारी काढले आणि मधे बाण. मेट तिला सर्वांत जवळचं होतं हे मला दिसत होतं आणि तरी मी सिनॅमन लावलं, पुढच्या चार वर्षांचा विचार करून, ते मनाला थोडं लागून राहिलंय. पण इतिवृत्त मंगळवारी झालं.

आणि टर्मिनल दादा, हे तुमच्यासाठी. परवा मी ऑफिसातून आले तर ती सुपर दाबून "कॅल" टाइप करून कॅल्क्युलेटर उघडत होती. सिनॅमनच्या मेन्यूत पण शोधता येतं, ते तिला त्या दहा दिवसांच्या ग्नोमवर लागलं होतं आणि ते तिने ठेवलं. मी शिकवलं नव्हतं.

क्लबहाऊसमध्ये तीन मशीनवर उबंटूचं साधं ग्नोम, पोरांसाठी. एकावर सिनॅमन, घरच्यासारखंच. पाचव्यावर ग्नोम, मोठं अक्षर, ऑर्का आणि मराठी आवाज चालू करून, नवीन की-बोर्डसकट. बी विंगमधले आजोबा काल आले, हेडफोन लावून संघाची सूचना त्यांनी पहिल्यांदा स्वतः ऐकली, आणि आवाज फार भरभर बोलतो म्हणाले. वेग कमी केला तर शब्द तुटल्यासारखे वाटतात. कानाने_वाचतो, तुम्ही वेग कितीवर ठेवता? आणि विरामचिन्हं वाचायचं बंद कुठून करायचं, त्यांना प्रत्येक पूर्णविराम ऐकू येतोय.

कानाने_वाचतो

ऑर्काचं प्रेफरन्सेस उघडा, इन्सर्ट आणि स्पेस एकत्र. व्हॉइसमध्ये वेग आहे, नवीन माणसाला मधल्यापेक्षा थोडा कमी ठेवा आणि पिच जरा खाली आणा, शब्द तुटत नाहीत मग. स्पीचमध्ये विरामचिन्हं "सम"वर (इंग्रजी some, म्हणजे मोजकीच चिन्हं वाचायची) ठेवा. सेव्ह करायला विसरू नका.

आजोबांना सांगा पहिले चार दिवस सगळ्यांनाच भरभर वाटतं. रविवारी मी कर्वे रोडला येतोय, चालत असेल तर तासभर खोलीवर येतो, त्यांच्या शेजारी बसतो.

पावशा

या, नक्की या. अकरा वाजता खोली उघडते, गेटवर सांगून ठेवते, मी स्वतः खाली घ्यायला येईन.